खातं चालू आहे, मग चोर गेला का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, संगणकावर काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. रविवारी त्याला स्टीमकडून (तो गेम ज्या ऑनलाइन दुकानाच्या खात्यातून चालतो तिथून) आल्यासारखा मेल आला : 'तुमच्या खात्याविरुद्ध तक्रार आली आहे. २४ तासांत ओळख पटवली नाही तर खातं कायमचं बंद होईल.' त्याने लिंक उघडली, नाव-पासवर्ड टाकला, ई-मेलवर आलेला पाच अक्षरी कोडही टाकला. पानावर 'तपासणी पूर्ण' असं आलं. मला हे त्याने मंगळवारी रात्री सांगितलं. खातं सुरू आहे, गेम चालतो, स्किन (गेममधल्या शस्त्रांची विकत घेतलेली सजावट) जागेवर आहेत, त्यामुळे काही झालेलं नाही असं त्याचं म्हणणं. वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून घेतलेल्या सुमारे १८,००० रुपयांच्या स्किन त्यात आहेत. खरंच काही झालं नसेल का? खातं बंदच करून टाकावं का? आणि असा मेल खोटा आहे हे ओळखायचं कसं? धाकटी मुलगी फोनवर बीजीएमआय खेळते, तिलाही 'फ्री यूसी'चे (यूसी म्हणजे त्या गेममधले पैसे) मेसेज येत असतात.
— एक पालक, नाशिक

उत्तर : झालं आहे, फक्त अजून दिसलेलं नाही. मेल ओळखायचा कसा ते सावकाश वाचा. आधी पुढचा पाऊण तास मुलाला शेजारी बसवून कामाला लागा.

मुलाने उघडलेलं पान स्टीमचं नव्हतं, पण त्या पानामागचा प्रोग्रॅम त्याच वेळी खऱ्या स्टीमच्या दारात उभा होता. मुलाने इकडे नाव-पासवर्ड टाकला, प्रोग्रॅमने तो तिकडे टाकला. अनोळखी संगणक पाहून स्टीमने नेहमीप्रमाणे कोड पाठवला. म्हणजे कोडाचा तो मेल अस्सल होता, आणि नेमका त्यानेच मुलाचा उरलासुरला संशय घालवला असणार. कोड खोट्या पानावर पडला आणि तिथून खऱ्या स्टीमवर गेला. आता चोराचा संगणक या खात्यात मुलाच्या स्वतःच्या संगणकासारखाच लॉग-इन झालेला आहे. त्याला बाहेर काढेपर्यंत पुन्हा पासवर्ड लागत नाही की कोड.

मग त्याने स्किन का नेल्या नाहीत? कोड ई-मेलवर आला, असं तुम्ही लिहिलं आहे; म्हणजे या खात्यावर स्टीमचं मोबाइल ऑथेंटिकेटर (फोनच्या ॲपमधून कोड आणि मंजुरी देण्याची सोय) नाही. अशा खात्यातून कोणाला वस्तू दिली (याला ट्रेड म्हणतात) तर दोन अडसर येतात. ट्रेडला ई-मेलवरून मंजुरी द्यावी लागते, आणि मंजुरीनंतरही स्टीम ती वस्तू १५ दिवसांपर्यंत अडकवून ठेवतं. तेवढ्यात मूळ मालक ट्रेड रद्द करू शकतो. चोराला हे नियम तोंडपाठ असतात. म्हणून तो ई-मेलच्या खात्यात शिरायला बघतो, किंवा स्वतःच्या फोनवरचं ऑथेंटिकेटर या खात्याला जोडून ते ७ दिवस जुनं होण्याची वाट पाहतो, कारण त्यानंतर माल अडकत नाही. शांतता आहे ती या हिशेबाची आहे. तुमच्या हातात अजून थोडे दिवस आहेत. दोन मात्र गेले.

मुलाला एकच प्रश्न विचारा, आवाज न चढवता : कोड एकदाच टाकलास की दोनदा? ही पानं पुष्कळदा 'कोड चुकला, नवा टाका' म्हणतात. पहिला कोड चुकलेला नसतोच. दुसरा कोड दुसऱ्याच कामासाठी मागवलेला असतो : ऑथेंटिकेटर जोडायला किंवा खात्याचा ई-मेल बदलायला. स्टीमच्या प्रत्येक मेलमध्ये हा कोड कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, लॉग-इनच्या मेलमध्ये विनंती कुठल्या देशातून आली तेही असतं. रविवारचे सगळे मेल उघडून ती ओळ वाचा. नाशिकमध्ये बसलेल्या मुलाच्या नावाने भलत्याच देशातून लॉग-इन झालेलं दिसलं की पुढचा वाद मिटेल. आणखी एक विचारा : त्या पानावरून किंवा मेलमधून काही डाउनलोड करून चालवलं का? चालवलं असेल तर त्या संगणकावरून यापुढचं काहीही करू नका. चोरटे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठलेलं लॉग-इनच उचलून पाठवतात, त्यामुळे त्याच संगणकावर बदललेला नवा पासवर्डही त्यांच्याकडेच जातो. अशा वेळी दुसरा संगणक किंवा तुमचा फोन वापरा, आणि तो संगणक पूर्ण तपासून, गरज पडली तर विंडोज नव्याने टाकूनच मुलाच्या हाती द्या.

आता काम. सुरुवात स्टीमपासून करायची नाही, ई-मेलपासून करायची. स्टीमच्या प्रत्येक बदलाचा कोड तिथेच येतो. तो डबा चोराच्या ताब्यात असेल तर पुढचं सगळं पाण्यात. ई-मेलचा पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी चालू करा, आणि खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावर कुठकुठली उपकरणं लॉग-इन आहेत ते पाहून अनोळखी असेल ते काढा. मग एक जागा, जी जवळजवळ कोणीच पाहत नाही : जीमेल असेल तर संगणकावरून सेटिंग्जमध्ये फिल्टर्सचं पान आणि फॉरवर्डिंगचं पान उघडा. 'स्टीमकडून आलेला मेल थेट कचऱ्यात टाक' किंवा 'अमुक पत्त्यावर पाठव' असा नियम चोर करून ठेवतो, मग ट्रेडच्या मंजुरीचे आणि इशाऱ्याचे मेल तुम्हाला दिसतच नाहीत. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. तो हाताने पुसावा लागतो. स्पॅम आणि कचऱ्याचे डबेही चाळा. वाचलेले पण मुलाने न उघडलेले स्टीमचे मेल तिथे सापडले तर चोर ई-मेलमध्येही होता असं समजा.

त्यानंतर स्टीम. मेलमधली कुठलीही लिंक वापरायची नाही, गुगलवर शोधूनही जायचं नाही (शोधाच्या वरच्या जाहिरातींत बनावट पानं येऊन गेलेली आहेत). संगणकावरचा स्टीमचा प्रोग्रॅम उघडा आणि सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीच्या भागातून पासवर्ड बदला. नवा पासवर्ड इतर कुठेही न वापरलेला हवा. लगेच त्याच भागातून लॉग-इन असलेल्या उपकरणांची यादी उघडून सगळीकडून एकदम साइन आउट करा. चोर प्रत्यक्ष बाहेर पडतो तो इथे. पासवर्ड बदलल्यावर सगळे आपोआप बाहेर पडतात असं गृहीत धरू नका, ही यादी स्वतः पाहा. नुसता पासवर्ड बदलून निर्धास्त झालेल्यांचीच खाती दुसऱ्यांदा जातात.

मग खात्याचा तपशील : ई-मेल आणि फोन नंबर तुमचाच आहे ना, खरेदीच्या इतिहासात तुम्ही न केलेली खरेदी आहे का, वॉलेटमध्ये किती शिल्लक आहे. आपल्याकडे कार्डावरच्या ऑनलाइन खरेदीला बहुधा बँकेचा ओटीपी लागतो, म्हणून कार्ड साठवलेलं असलं तरी चोराला त्यातून सहज पैसे काढता येत नाहीत. स्टीम वॉलेटमध्ये आधीच भरलेल्या रकमेला मात्र असलं कुंपण नाही.

पुढचा टप्पा समजून करा, कारण १८,००० रुपये बहुधा याच वाटेने जातात. स्टीम कम्युनिटी या स्टीमच्याच दुसऱ्या साइटवर 'वेब एपीआय की' (प्रोग्रॅमला खात्याशी बोलू देणारी किल्ली) नावाचं एक पान आहे. ते वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आहे. खेळणाऱ्या मुलाला त्याची काही गरज नसते. मुलाच्या खात्याने ते पान उघडल्यावर तिथे कुठलीही की नोंदलेली दिसता कामा नये. तिथे अक्षरांची लांबलचक माळ आणि कुठल्याशा वेबसाइटचं नाव दिसलं, तर ती की चोराने काढलेली आहे. रिव्होकचं बटण दाबून ती रद्द करा. या कीने चोराला पासवर्डाशिवाय खात्यातले ट्रेड पाहता येतात, रद्दही करता येतात. मुलगा दोन महिन्यांनी मित्राला स्किन पाठवतो तेव्हा चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) खरा ट्रेड रद्द करतो, मित्राचंच नाव आणि मित्राचाच फोटो लावलेल्या खात्यावरून हुबेहूब तसाच ट्रेड पाठवतो, आणि मुलगा फोनवर 'मंजूर' दाबतो. वस्तू मुलाच्या स्वतःच्या हाताने जाते. हे सगळं नुसत्या जिवंत लॉग-इनवरूनही करता येतं, म्हणून आधी सगळीकडून साइन आउट करायचं, मग ही की रद्द करायची. ट्रेड ऑफर्सच्या पानावर अडकलेले, चालू आणि पाठवलेले सगळे ट्रेड पाहा; अनोळखी असेल ते रद्द करा. त्याच भागात मुलाची ट्रेड लिंक असते, तीही नवी तयार करून घ्या म्हणजे जुनी निकामी होईल.

शेवटी मोबाइल ऑथेंटिकेटर. स्टीमचं अधिकृत ॲप फोनवर घ्या आणि त्यातून जोडा. जोडताना 'आधीच जोडलेलं आहे' असं आलं आणि ते तुमच्यापैकी कोणी जोडलेलं नसेल, तर चोर एक पाऊल पुढे गेला आहे. थेट स्टीम सपोर्टकडे जा, खाली सांगितलं आहे. सगळं सुरळीत झालं तर आर या अक्षराने सुरू होणारा एक रिकव्हरी कोड मिळतो. तो कागदावर लिहून रेशन कार्ड, पासबुक ठेवता तिथे ठेवा. त्याचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. फोन हरवला की कोडही हरवतो. नवं ऑथेंटिकेटर पहिले ७ दिवस कच्चं धरलं जातं, तोवर ट्रेड अडकतीलच. मुलगा कुरकुर करेल, करू द्या.

त्या पासवर्डाची भावंडं आणखी कुठे आहेत तेही विचारा. डिस्कॉर्ड, इन्स्टाग्राम, एपिक गेम्स, शाळेचं खातं, सगळीकडे एकच पासवर्ड असणं या वयात अगदी स्वाभाविक आहे. जिथे तो आहे तिथे बदलायचा. स्टीमच्या चॅटमध्ये मुलाच्या नावाने मित्रांना काही लिंक गेली आहे का तेही पाहा. गेली नसली तरी मित्रांना फोन करून सांगा, कारण चोर पुढचा मासा याच यादीतून गळाला लावतो.

यातलं काही जमलं नाही, म्हणजे पासवर्ड आधीच बदलला गेला, ई-मेल बदलला गेला, तर घाबरून 'स्टीम अकाउंट रिकव्हरी' म्हणून शोधत बसू नका. ई-मेल बदलल्याची सूचना स्टीम जुन्या पत्त्यावर पाठवतं, तो मेल जपा. स्टीमच्या अशा सूचनांमध्ये खातं स्वतःहून कुलूपबंद करण्याची सोय असते. हेल्प डॉट स्टीमपॉवर्ड डॉट कॉम हा पत्ता हाताने टाइप करा, 'लॉग-इन करता येत नाही' यातून 'खातं चोरीला गेलं आहे' हा पर्याय घ्या. तिथे मालकीचा पुरावा मागतात. त्यासाठी खात्यातली सगळ्यात जुनी खरेदी शोधा : ई-मेलमधली पावती, बँकेच्या खातेउताऱ्यातला व्यवहार क्रमांक, दुकानातून घेतलेल्या गेमच्या डब्यातली की. आज खातं ताब्यात असतानाच या पावत्या एका फोल्डरमध्ये काढून ठेवल्यात तर उद्या धावपळ वाचेल. डिस्कॉर्डवर, टेलिग्रामवर 'मी खातं परत मिळवून देतो, आधी दोन हजार पाठवा' म्हणणारे भेटतील. ते दुसरे चोर. स्टीमचं सपोर्ट त्याच एका साइटवरच्या तिकिटातून बोलतं, फुकट बोलतं, चॅटवर कधीच येत नाही.

स्किन गेल्याच तर? स्टीम चोरीला गेलेल्या वस्तू पुन्हा बनवून देत नाही, ही आशा धरू नका. २०२५ च्या जुलैपासून काउंटर-स्ट्राइक २ च्या वस्तूंना मात्र एक आधार मिळाला आहे : ट्रेड झालेली वस्तू ७ दिवस संरक्षित राहते आणि तेवढ्यात खातेदार ट्रेड उलटवू शकतो. एखादाच निवडून नाही, त्या मुदतीतले सगळे एकदम उलटतात, आणि त्यानंतर ३० दिवस खात्याला ट्रेड आणि मार्केट बंद राहतं. ७ दिवस हा आकडा मुलाच्या डोक्यात बसला पाहिजे, कारण दोन दिवस गप्प राहण्याची किंमत त्यात मोजली जाते. तो ओरड्याच्या भीतीने गप्प बसला असेल तर ती भीती चोराच्या फायद्याची आहे. ती भीती काढून टाकणं, एवढं तुम्ही पालक म्हणून नक्की करू शकता.

खातं बंद करू नका. बंद केलं की विकत घेतलेले सगळे गेम आणि त्याच स्किन जातात, चोराचं काहीच जात नाही, आणि तक्रारीसाठी लागणारा पुरावाही पुसला जातो.

आता मेलकडे. भाषेतल्या चुका पाहा, हा जुना सल्ला विसरा. आज कोणीही निर्दोष इंग्रजीत, वाटल्यास मराठीतही, मेल लिहून घेऊ शकतो. लोगो, रंग, तळाशी असलेला स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीचा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूचा पत्ता, हे सगळं खऱ्या मेलवरून उचलता येतं. पाठवणाऱ्याचं नावही काही सांगत नाही. 'स्टीम सपोर्ट' असं नाव मीही लावू शकतो, तुम्हीही. नावाखालचा छोटा बाण दाबून पूर्ण पत्ता उघडा. स्टीमचे मेल स्टीमपॉवर्ड डॉट कॉम या डोमेनवरून (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) येतात, आणि जीमेलमध्ये त्याच तपशिलात 'साइन्ड-बाय' समोर तेच नाव दिसतं. इथे एक गफलत होते. मेलने एसपीएफ, डीकेआयएम या मेल-सेवेच्या आपोआप होणाऱ्या तपासण्या पार केल्या म्हणजे तो खरा, असं काही जाणकार मुलं एकमेकांना सांगतात. त्या तपासण्या फक्त एवढंच सांगतात की मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो त्याच डोमेनवरून आला आहे. चोराने स्वतःचं डोमेन रीतसर विकत घेतलेलं असेल तर त्याचाही मेल पहिल्या वर्गात पास होतो. म्हणून पास की नापास यापेक्षा नाव कोणाचं आहे ते वाचायचं.

लिंकचा पत्ता वाचण्याची रीत एकदा हाताने करून घेतली की विसरत नाही. एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. तिच्या लगतचे डावीकडचे दोन तुकडे म्हणजे मालक (शेवट जीओव्ही डॉट इन असा जोडीचा असेल तर तीन). 'स्टीमपॉवर्ड डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट टॉप' असा पत्ता असेल तर तो अमुकतमुकचा. पुढे लावलेलं स्टीमपॉवर्ड म्हणजे भाडेकरूने दारावर मालकाची पाटी लावण्यासारखं. दुसरी युक्ती अक्षरांची. कम्युनिटी या इंग्रजी शब्दातल्या एका एमच्या जागी आर आणि एन शेजारीशेजारी लिहिले की फोनच्या पडद्यावर फरक कळतच नाही. एखादं अक्षर खालीवर केलेलं असतं, एखादं जास्त असतं. डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तो ही फसगत होऊ देत नाही : पत्ता अक्षरन् अक्षर जुळला तरच तो पासवर्ड भरतो. रोज भरणारा मॅनेजर आज गप्प बसला, तर स्वतः टाइप करायची घाई करू नका. तो गप्प बसलाय यालाच कारण आहे. पत्त्यासमोरच्या कुलपाच्या चित्राला मात्र काही किंमत देऊ नका. ते प्रमाणपत्र फुकट मिळतं, चोरालाही.

पत्ता अगदी बरोबर दिसूनही पान खोटं असू शकतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 'स्टीमने साइन इन करा' दाबल्यावर छोटी खिडकी उघडते, वर पत्ता स्टीम कम्युनिटीचा, कुलूप जागेवर. ती खिडकीच नसते. पानाच्या आत काढलेलं खिडकीचं चित्र असतं, पत्त्यासकट. २०२२ मध्ये ही पद्धत उघड झाली आणि त्याच वर्षी स्टीमच्या खेळाडूंवर वापरली जात असल्याचंही समोर आलं. ओळखायला सोपी आहे : ती छोटी खिडकी माउसने धरून ब्राउझरच्या बाहेर ओढा. खरी खिडकी बाहेर येते, चित्र काठाला अडतं. याहून सोपी परीक्षा अशी : त्याच ब्राउझरमध्ये खऱ्या स्टीमवर आधीच लॉग-इन असाल, तर खरं पान पासवर्ड मागत नाही, तुमचं नाव दाखवून फक्त पुढे जायचं बटण देतं. लॉग-इन असूनही पासवर्ड मागितला की पान बंद. फोनवर खिडकी ओढता येत नाही, म्हणून फोनवर लिंकमधून स्टीमला लॉग-इन करायचंच नाही, असा सरळ नियम ठेवा. क्यूआर कोडचंही तेच. स्टीमच्या ॲपने कोड स्कॅन करून लॉग-इन करता येतं. खोटं पान खऱ्या स्टीमवरचा क्यूआर कोड जसाच्या तसा तुमच्यासमोर धरतं, आणि तुम्ही स्कॅन केलात की चोराचा संगणक आत जातो. मंजुरीआधी ॲपमध्ये ठिकाण दिसतं, ते वाचून मगच बोट लावायचं.

आणखी एक खूण. स्टीममध्ये दोन नावं असतात : लॉग-इन करायचं खात्याचं नाव, जे दुसऱ्या खेळाडूंना दिसत नाही, आणि सगळ्यांना दिसणारं प्रोफाइलचं नाव, जे कधीही बदलता येतं. लॉग-इनबाबतच्या खऱ्या मेलमध्ये पहिलं असतं. चोराकडे बहुधा दुसरंच असतं. मुलाच्या मेलमध्ये 'प्रिय शॅडोकिंग' अशा थाटाची सुरुवात असेल, तर खूण पटली. (उलट मात्र खरं नाही : पहिलं नाव कुठूनतरी फुटलेलं असू शकतं, म्हणून ते दिसलं की मेल खरा, असं ठरवू नका.)

मजकूर मात्र नेहमी एकाच वळणाचा असतो : तक्रार, मुदत, ओळख पटवा. २४ तासांची मुदत असते ती विचारायला वेळ मिळू नये म्हणून. डिस्कॉर्डवर याचंच दुसरं रूप येतं : 'चुकून तुझी तक्रार केली, आता या अधिकाऱ्याशी बोल नाहीतर बंदी येईल.' खेळाडूंच्या तक्रारी अशा मिटत नसतात, आणि वाल्व्हचा कुठलाही कर्मचारी त्यासाठी चॅटवर येत नाही. 'आमच्या संघाला मत दे', 'पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड', 'माझा नवा गेम खेळून बघ', ही त्याच घरातली बाकीची मंडळी. शेवटच्यात गेमच्या जागी चोरटा प्रोग्रॅम असतो. आणि मुलाने काहीच केलेलं नसताना अचानक खऱ्या स्टीमकडून लॉग-इनचा कोड आला, तर तो मेल अस्सल आहे पण बातमी वाईट आहे : पासवर्ड कोणाकडे तरी आहे. कोड कोणाला द्यायचा नाही, पासवर्ड लगेच बदलायचा.

तो रविवारचा मेल पुसू नका. जीमेलमध्ये फिशिंग म्हणून कळवा, पण त्याआधी मेलचा, पूर्ण पत्त्याचा आणि लिंकच्या पत्त्याचा स्क्रीनशॉट काढा. बँकेतून किंवा यूपीआयवरून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. वेळ जितका कमी गेलेला असेल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. फक्त खातं किंवा स्किन गेल्या असतील तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे 'गेममधली बंदूक गेली' असं लिहिलंत तर हसण्यावारी जाईल. 'पासवर्ड फसवून घेऊन खात्यात अनधिकृत प्रवेश' असं लिहा आणि खरेदीच्या पावत्या जोडा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६सी दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आहे, ६६डी संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

धाकटीचं प्रकरण दिसायला लहान, पण नुकसान मोठं करणारं. बीजीएमआयमध्ये वेगळा पासवर्ड नसतो. गुगल, फेसबुक अशा खात्यानेच आत जातात. म्हणून 'फ्री यूसी'च्या पानावर ती फेसबुकचा पासवर्ड टाकते, तेव्हा गेमबरोबर फेसबुकही जातं, आणि ते खातं तुमचं किंवा तिच्या आईचं असेल तर घरातले सगळे फोटो, ओळखीची माणसं, सगळंच. फुकट यूसी तयार करून देणारं काही अस्तित्वात नाही, कारण यूसीची शिल्लक कंपनीच्या सर्व्हरवर असते, फोनवर नाही. रिडीम कोड खरे असतात, पण ते बीजीएमआयच्या अधिकृत साइटवरच्या रिडीमच्या पानावर टाकायचे असतात, आणि तिथे कॅरेक्टर आयडी, रिडीम कोड आणि चित्रातला पडताळणी कोड एवढंच मागतात. बक्षीस गेममधल्या मेलमध्ये येतं. लॉग-इन, पासवर्ड, ओटीपी यातलं काहीही मागणारं पान त्यांचं नाही. तिचा कॅरेक्टर आयडी आजच एका कागदावर लिहून ठेवा आणि गेम कुठल्या खात्याला जोडलेला आहे तेही त्याखाली लिहा. कोड टाकताना तो आयडी लागतो, आणि उद्या खातं गेलं तर गेमच्या सपोर्टला पहिल्यांदा तोच सांगावा लागतो.